आधी गप्प माणसाकडे

आमच्या फाट्यावर त्यांचं नाव कुणी घेत नसे. फौजी म्हटलं की कळायचं. फौजेतून परत आलेली माणसं आमच्या भागात आणखीही आहेत. कुणी बँकेच्या दाराशी बंदूक घेऊन उभा असतो, कुणी शेती बघतो, आणि त्यांना लोक त्यांच्या नावानेच हाक मारतात. फौजी मात्र हे एकटेच. त्यांनीही अकरा वर्षांत मला कधी नावाने बोलावलं नाही. वारंगा फाट्यावर माझं औषधांचं दुकान आहे, म्हणून मी 'मेडिकल'. ते जाऊन आता दीड वर्ष होईल. अजूनही भावाने फोनवर माझं नाव घेतलं की हा कुणाला बोलावतोय, असं मला क्षणभर होतं.

माझ्या दुकानाला लागून त्यांची पत्र्याची शेड होती. वर स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी, आणि तिच्यावर एकच शब्द, 'पट्टी'. फौजेत ते नर्सिंग असिस्टंट होते. म्हणजे जखमी जवान पडला की गोळीबारात त्याच्यापर्यंत जायचं, जागेवर रक्त थांबवायचं आणि त्याला ओढत मागे आणायचं. फाट्यावरही त्यांनी तेवढंच काम चालू ठेवलं. इथे चारी बाजूंनी रस्ते येतात, रात्रंदिवस ट्रक चालतात, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. डॉक्टर म्हणवून घ्यायला ते तयार नसत. कुणी ताप घेऊन आलं की मान वर न करता विचारायचे, "रगत हाय का?"

"न्हाई जी. अंग तापलंय दोन दिवसांपासून."

"मग पुढं जा. डॉक्टरकडं जा."

लोकांना राग यायचा. माझ्या दुकानात येऊन ते मला सुनावायचे, जणू शेजारधर्म म्हणून ते ऐकून घेणं माझं कर्तव्यच होतं. मलाही फौजींचा रागच यायचा, हे कबूल करतो. आमची पहिली ओळखच भांडणाने झाली. त्यांनी पट्टीचं सामान मागितलं, मी कापसाचा मोठा रोल पुढे केला. त्यांनी तो दोन बोटांनी मागे सारला. "कापूस जखमेला चिकटतो. मागून काढताना माणूस बोंबलतो. येवढं बी ठाव न्हाई अन् मेडिकल टाकलंय?" दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. मी तोंडातल्या तोंडात काहीतरी बोललो. माझं घर पूजेचं. वडील शिरड शहापूरला देवळाची पूजा करायचे. आमच्या घरात रक्त दिसायचं ते फार तर विळीवर बोट कापलं तर. औषधं विकतो खरा, पण रक्त पाहिलं की माझे हातपाय गार पडतात.

त्यांच्या कमरेला दोरीने बांधलेली कात्री असायची. जेवताना असायची, ते राहायचे त्या तांड्यावर लग्नाला गेले तरी असायची. अपघात झाला की ते आधी कपडे कापायचे. विचारणं वगैरे नाही. एकदा नवरदेवाची गाडी झाडाला घासली. नवरदेव बाहेर येऊन खाली बसला, तेवढ्यात फौजींनी त्याच्या नव्या कोऱ्या सुटाची पँट घोट्यापासून मांडीपर्यंत फाडली. आत साधं खरचटलेलंही नव्हतं. वऱ्हाडी मंडळी त्यांच्या अंगावर धावून आली. फौजी शांतपणे म्हणाले, "पँट दुसरी मिळंल." त्या नवरदेवाने माझ्या दुकानात उभं राहून पँटीला चिकटपट्टी लावली आणि तसाच मांडवात गेला. ते आठवलं की मला अजून हसू येतं. हसण्यासारखं त्यांच्याबाबतीत फार नाही, म्हणून हे सांगून घेतलं.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे गप्प माणसं. हॉटेलात दहा जण मोठमोठ्याने बोलत असले तरी त्यांचं लक्ष नसायचं, पण कोपऱ्यात एखादा चहा गार करत बसला असला की हे उठून त्याच्याजवळ जायचे आणि सरळ त्याचं मनगट धरायचे. दोन बोटं नाडीवर, नजर घड्याळावर. अनोळखी माणूस दचकायचा. त्यांच्या बायकोने एकदा माझ्या बायकोला सांगितलं होतं, "मी दिवसभर भांडले तर ह्यो माणूस ढुंकून बघत न्हाई. मी गप बसले की नाडी धरतो." ती हे हसत सांगत होती.

एका ट्रक ड्रायव्हरचं मनगट त्यांनी असंच धरलं. तो म्हणाला, काही नाही झालं, तासाभरापूर्वी ब्रेक मारताना छातीला स्टिअरिंग लागलं एवढंच. फौजींनी त्याला ट्रकमध्ये चढू दिलं नाही. शिव्या खाल्ल्या, किल्ली काढून घेतली, आणि जीपमध्ये घालून नांदेडला नेला. त्याच्या पोटात रक्त साचलं होतं. तो वाचला. नंतर भावाला पाठवून ट्रक घेऊन गेला, स्वतः काही परत आला नाही. त्याने यावं असं फौजींना वाटत होतं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

त्यांना शौर्याचं मेडल मिळालेलं होतं, हे फाट्यावर सगळ्यांना माहीत होतं. ते कशासाठी मिळालं, हे मात्र फार उशिरा कळलं. एका सव्वीस जानेवारीला जवळच्या शाळेने त्यांचा सत्कार ठेवला. मीच त्यांना मोटारसायकलवर घेऊन गेलो, कारण ते यायला तयार नव्हते आणि हेडमास्तरांनी मला गळ घातली होती. झेंडावंदन झालं. हेडमास्तरांनी त्यांच्या मेडलबरोबरचा कागद मराठीत करून आणला होता, तो वाचायला सुरुवात केली. शत्रूच्या तुफान गोळीबारात, स्वतःच्या जिवाची पर्वा न करता, हा वीर तीन वेळा उघड्यावर गेला, आणि असं बरंच. पोरं उन्हात बसली होती. फौजी मध्येच उठले.

"सर, त्या कागदात एक गोष्ट लिहायची राहिली," ते म्हणाले. हेडमास्तरांना वाटलं, ते आभार मानणार. त्यांनी माईक पुढे केला.

"ओढ्यात दोन जण पडले व्हते. वरून गोळ्या येऊन राहिल्या व्हत्या. एक जण आईच्या नावानं बोंबलत व्हता. दुसरा गप पडला व्हता. मी बोंबलणाऱ्याकडं गेलो. त्याच्या पोटरीला लागलं व्हतं, हाड बी शाबूत. त्याला वढत आणला. मग दुसऱ्याकडं गेलो. त्याची मांडीची शीर तुटली व्हती. दोन मिन्टं आधी जाऊन पट्टा आवळला असता, तर त्यो वाचला असता."  माईक त्यांनी तोंडाच्या फार जवळ धरला होता, त्यामुळे त्यांचा श्वास ऐकू येत होता. "लेकरांनो, ओरडतोय त्यो जिवंत हाय. गप हाय त्याच्याकडं आधी जायचं. मला हे शिकवलेलं व्हतं. मी इसरलो. त्याचं मेडल हाय हे."

हेडमास्तरांनी माईक घ्यायला हात पुढे केला.

"तीन बार गेलो असं लिवलंय, ते बराबर हाय," फौजी म्हणाले. "तिसऱ्या बारी काहून गेलो ते मला बी सांगता येत न्हाई. तिथं कुणीच न्हवतं."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. शिक्षकांनी वाजवल्या म्हणून पोरांनी वाजवल्या. मग शाल झाली, नारळ झाला. परत येताना फौजी माझ्या मागे नारळ मांडीवर घेऊन बसले होते. निम्म्या रस्त्यात त्यांनी विचारलं, "मेडिकल, टाळ्या काहून वाजवल्या त्या लेकरांनी?" मी म्हणालो, वाऱ्यामुळे ऐकू येत नाही. मला चांगलं ऐकू आलं होतं.

आता कपाळाचं सांगायला हवं. हातापायातून रक्त उसळत असलं की ते जखमेच्या वर कापडाचा पट्टा बांधायचे, त्यात काडी अडकवून पिळायचे आणि रक्त पार थांबवायचे. पण रक्त थांबलं की पायही उपाशी राहतो. तो पट्टा किती वेळ बांधलेला आहे, हे पुढच्या डॉक्टरला कळलंच पाहिजे. चिठ्ठी हरवते, सोबतचा माणूस घाबरतो, म्हणून फौजेच्या रिवाजाप्रमाणे ते जखमीच्या कपाळावरच वेळ लिहायचे. शाळेतल्या पोरांचं निळं स्केचपेन खिशात असायचं. लोकांना हे अजिबात आवडायचं नाही. आमच्याकडे बाळाच्या पाचवीला कोरा कागद आणि पेन ठेवतात, सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते. तिच्यानंतर त्या कपाळावर माणसाने लिहायचं नसतं. हॉटेलवाला त्यांना एकदा म्हणाला होता, "फौजी, हातावर लिवा की. कपाळ काहून?" त्यावर ते म्हणाले, "हात तुटलेला असला तर?"

दोन वर्षांपूर्वीच्या मार्च महिन्यात, हळद काढणीच्या दिवसांत, बायकांनी भरलेलं एक पिकअप डोंगरकडा गावाच्या रस्त्यावर उलटलं. भर दुपार होती. बातमी फाट्यावर आली तशी फौजींनी माझ्या दुकानातली बँडेजची पेटी उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, चला. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण ते मोटारसायकल चालू करून बसले होते.

रस्त्यावर बायका पडल्या होत्या. रडारड चालली होती. पिकअपचा मालक, आमच्या भागातला वजनदार माणूस, खांदा धरून रस्त्याच्या मधोमध बसला होता आणि त्याचा आवाज सगळ्यांपेक्षा मोठा होता. "फौजी, इकडं या. मेलो मी." फौजी त्याला ओलांडून पुढे गेले. अक्षरशः ओलांडून. मालकाच्या पुतण्याने त्यांची कॉलर धरली. "माणूस मरून राहिला, दिसत न्हाई का?" फौजी म्हणाले, "ओरडतोय ना? मग जिवंत हाय." कुणीतरी हे मोबाईलवर टिपत होतं. संध्याकाळपर्यंत ते गावोगावच्या ग्रुपवर फिरलं, आणि फौजी कसा निर्दयी आहे ते लोक एकमेकांना दाखवू लागले.

बांधाच्या कडेला एक मुलगी डोळे उघडे ठेवून गप्प पडली होती. तिचं नाव रेणुका, हे मला नंतर कळलं. एकोणीस वर्षांची. तिच्या गुडघ्याखालची माती काळी दिसत होती. मी तोंड फिरवलं. फौजींनी साडीची किनार फाडून पट्टा केला, बाभळीची काडी अडकवून पिळली, तशी ती किंचाळली. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते हसत होते. अकरा वर्षांत मी त्यांना इतकं खुश पाहिलं नव्हतं.

"आता बराबर हाय," ते म्हणाले. घड्याळ बघून त्यांनी तिच्या कपाळावर निळ्या अक्षरात लिहिलं, १-५०. मग माझ्याकडे वळले. "मेडिकल, तुमी हिच्या संग जा. पट्टा ढिला करू देयाचा न्हाई. अन् पोचल्या पोचल्या डॉक्टरला कपाळ दाखवा. दोन तासांचा खेळ हाय."

त्यांना अजून दहा-बारा जणी बघायच्या होत्या. म्हणून मी.

जीपमध्ये रेणुकाचं डोकं तिच्या आईच्या मांडीवर होतं. आईला खरचटलं होतं तेवढंच. रस्ता दोन्हीकडून ट्रकांनी तुंबला होता, ड्रायव्हरने शेताशेतातून गाडी घातली. धक्के बसत होते. आईची नजर एकसारखी लेकीच्या कपाळावर जात होती. शेवटी ती मला म्हणाली, "भाऊ, हे पुसू का?"

मी म्हणालो, "नको. डॉक्टरला दाखवायचंय."

"हिच्या पाचवीला कोरा कागद ठेवला व्हता मी. सटवाईनं लिवायचं ते लिवलं. त्याच्यावर आता माणसानं लिवावं का? लेकीचं लगीन व्हायचंय. तुमी तर पुजेच्या घरचे. तुमीच सांगा."

ती रडत नव्हती, हात जोडत होती. मला आज असं वाटतं की ती ओरडली असती तर मी तिच्यावर ओरडलो असतो आणि कपाळ वाचलं असतं. पण मला माझी आई आठवली. आणि खरं सांगायचं तर मलाही त्या निळ्या आकड्याकडे बघवत नव्हतं. मी म्हणालो, पुसा, वेळ माझ्या लक्षात आहे. पदर कोरडा होता. माझ्याकडच्या बाटलीतलं पाणी मीच त्या पदरावर ओतलं. तिने कपाळ पुसलं, कनवटीतून कुंकवाची पुडी काढली आणि बोट टेकवलं.

जवळच्या सरकारी दवाखान्यात पोचेपर्यंत साडेतीन झाले. तिथला डॉक्टर तरुण होता, एकटा होता, आणि पिकअपचा मालक आमच्या आधीच दुसऱ्या वाटेने पोचून खाटेवर ओरडत होता. डॉक्टरने पट्टा पाहिला आणि विचारलं, "हा कधी बांधला?"

मी रेणुकाच्या कपाळाकडे पाहिलं. कुंकू होतं.

माझ्या लक्षात होतं का? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारला आहे की आता उत्तरावर माझा विश्वास राहिलेला नाही. एक पन्नास हे कुठेतरी होतं. पण त्याच वेळी मनात आलं, एवढा वेळ वाटेत काय करत होतात असं विचारतील. कपाळ कोणी पुसलं असंही विचारतील. मी म्हणालो, "तीनच्या सुमारास."

"मग आहे वेळ," डॉक्टर म्हणाला, आणि ओरडणाऱ्या मालकाकडे गेला.

तिथे तास गेला. नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत सव्वापाच वाजून गेले होते. रेणुकाचा पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला. तिथल्या मोठ्या डॉक्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं, लवकर आली असती तर पाय वाचला असता असं छातीठोक सांगता येत नाही, पण प्रयत्न केला असता. पट्ट्याची वेळ कळली असती तर आधीच्या दवाखान्याने तिला तिथे ठेवलंच नसतं.

पाय काढल्याचं फौजींना रात्रीच कळलं होतं. दुसऱ्या दिवशी ते माझं दुकान उघडायच्या आधीच शटरपाशी उभे होते. त्यांनी एवढंच विचारलं, "कपाळ दाखवलं ना?"

मी म्हणालो, "दाखवलं."

"वेळ बराबर वाचली त्यांनी?"

"हो. एक पन्नास."

 "मंग माझ्याच बांधण्यात चुकी झाली असंल," ते म्हणाले, आणि शेडमध्ये गेले.

त्यानंतरचे दोन महिने मी माझ्या जन्मात विसरणार नाही. ते शेडमध्ये बाकावर बसून स्वतःच्या मांडीवर पट्टा बांधायचे. पिळायचे, घड्याळ बघायचे, पाय पांढरा पडेपर्यंत ठेवायचे आणि सोडायचे. मग किनार थोडी रुंद घेऊन पुन्हा. काडी जाड घेऊन पुन्हा. पट्टा दोन बोटं वर, दोन बोटं खाली. मला बोलवायचे. "मेडिकल, बघा जरा. इथं चुकलं असंल का? अरुंद पडला असंल का?" मी त्यांच्या शेजारी बसून बघायचो. म्हणायचो, "असेल." त्यांच्या मांडीवर निळे-काळे वळ उठले होते. मी त्यावर लावायला मलम दिलं. मलम दिलं, पण चार शब्द दिले नाहीत. उद्या सांगू म्हणायचो. दुकान उघडल्यावर गिऱ्हाईक असायचं, बंद करताना उशीर झालेला असायचा. माणसाला गप्प राहायला कारणं किती मिळतात.

तो व्हिडिओ पाहून लोकांनी शेडवर येणं बंद केलं होतं. अपघात झाला तरी जखमीला त्यांच्या समोरून पुढे न्यायचे. ते उठून उभे राहायचे आणि गाडी निघून गेली की परत बसायचे.

मे महिन्यात रेणुका घरी आली. फौजी तिची पट्टी बदलायला डोंगरकड्याला जाऊ लागले. तिच्या घरच्यांनी त्यांना दारातून हाकललं नाही याचं मला नवल वाटलं. त्याच सुमाराला त्यांचं ते मांडीवर पट्टे बांधणं थांबलं. मला सुटल्यासारखं झालं, हेही लिहून टाकतो. आणि मग त्यांनी नवीनच काढलं. रोज सकाळी मी शटर वर केलं की ते काउंटरपाशी यायचे, माझा हात उताणा करायचे आणि मनगटावर दोन बोटं ठेवायचे. नजर घड्याळावर. पुरा एक मिनिट.

"काई बोलायचं हाय का, मेडिकल?"

"नाही हो. तुम्हाला काय पाहिजे?"

"मला काई नको."

जायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचे. आधी मला वाटलं, थट्टा आहे. मग वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. रेणुकाच्या पायाचं त्यांनी मनाला लावून घेतलं आणि ते भ्रमिष्ट झाले, असं मी गिऱ्हाइकांनासुद्धा सांगितलं. गिऱ्हाइकं चुकचुकायची, मीही चुकचुकायचो. कधी वैताग येऊन मी हात काढून घ्यायचो. ते रागवत नसत. पावसाळा गेला, दिवाळी गेली. एकही सकाळ चुकली नाही. एकदा थंडीत त्यांची बोटं फार गार लागली. मी म्हणालो, "फौजी, तब्येत दाखवा कुणाला तरी." ते म्हणाले, "माझं असू द्या. तुमचं सांगा."

पंधरा दिवसांनी तांड्यावर दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. मी गेलो तेव्हा फौजेतले दोन जुने सोबती तिरंगा घेऊन आले होते. तांड्यावरच्या बायका गळ्यात गळे घालून रडत होत्या. फौजींची बायको तेवढी भिंतीला टेकून गप्प बसली होती. कुणीतरी तिच्याजवळ जाऊन तिचा हात धरायला हवा, हे त्या गर्दीत मला एकट्याला कळत होतं. मी गेलो नाही.

गेल्या महिन्यात रेणुका दुकानात आली. कुबडीवर वजन टाकून तिने काउंटरवर चिठ्ठी ठेवली. कापून उरलेल्या पायाला बांधायचं क्रेप बँडेज हवं होतं. शिवणकाम करते आता. मी बँडेज काढायला वळलो तेव्हा तिने विचारलं, "काका, माझ्या कपाळावर किती वाजल्याचं लिवलं व्हतं?"

मी पाठमोराच होतो. "काहून गं?"

"आईला वाचता येत न्हाई. मला तर दिसलंच न्हाई. तुमी वाचलं व्हतं."

दुकानात तिसरं कुणी नव्हतं. मी वळलो आणि म्हणालो, "एक पन्नास."

तिने मान हलवली. "दवाखान्यात तुमी तीन म्हणला व्हता. मी ऐकलं. बोलायला येत न्हवतं, पर ऐकू येत व्हतं."

मी बँडेज काउंटरवर ठेवलं. ती रागाने बोलत नव्हती. खूप दिवस मनात ठेवलेलं काम उरकावं तसं बोलत होती.

"फौजीबाबाला सांगितलं व्हतं मी. पट्टी बदलायला पहिल्यांदा आले तवाच. लई खंगले व्हते ते, माझंच चुकलं, माझंच चुकलं, करत व्हते. म्हणून सांगितलं."

"काय म्हणाले?"

"माझी पट्टी बांधून पुरी केली. मग म्हणले, कुणाला बोलू नको. मेडिकल गप झालाय. त्याच्याकडं आधी जावं लागंल."

रस्त्याने ट्रक गेला, काचेचं कपाट हललं. मी म्हणालो, "रेणुका, पाणी मीच दिलं होतं पुसायला. मला वेळ माहीत होती. मी त्यांना खोटं सांगितलं."

"मला सांगून काय व्हतंय, काका," ती म्हणाली. "त्यांना सांगायचं व्हतं. ते रोज येत व्हते ना."

तिने बँडेज पिशवीत टाकलं, कुबडी काखेत घेतली आणि पायरी उतरली. रस्ता ओलांडायला तिला वेळ लागला. ती पलीकडे पोचेपर्यंत मी बघत उभा होतो. माझा डावा हात काउंटरवर होता, आणि तो उताणा ठेवलेला होता, हे मला बऱ्याच वेळाने दिसलं.